दोन दारांमधलं टेबल

ज्यांच्याविषयी लिहायला बसलो आहे, त्या बाईंना मी फारसं ओळखत नव्हतो, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. एकोणीस वर्षं आमची दारं समोरासमोर होती. पण त्या मूळच्या कुठल्या, त्यांचं लग्न झालं होतं की नाही, झालं असेल तर त्याचं पुढे काय झालं, यातलं मला काही माहीत नाही. विचारायचं राहून गेलं असंही म्हणता येत नाही. विचारायची माझी छातीच नव्हती. माझी बायको म्हणते, "एवढ्या वर्षांत तुम्ही बाईंशी जेवढं बोललात, तेवढं मी दूधवाल्याशी एका सकाळी बोलते." ते खरंच आहे.

बाई गेल्याला आता चार महिने झाले. त्यांच्या विद्यार्थ्यांनी त्यांच्यावर एक छोटं पुस्तक काढायचं ठरवलं आणि त्यात 'नाकवाल्या काकांनी' लिहिलंच पाहिजे, असा निरोप पाठवला. नाकवाले काका म्हणजे मी. नाव कसं पडलं ते पुढे येईल. मी नोकरीची सगळी वर्षं टेलिफोनच्या ऑफिसात लाइनी तपासत होतो. कानाला यंत्र लावून तारेतली खरखर ऐकायची आणि वहीत एक ओळ लिहायची. त्याहून लांब मी कधी काही लिहिलेलं नाही. तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी.

बाई विद्यापीठाच्या डिझाइन विभागात लाकूडकाम शिकवत. तिथली मुलं पुढे मोठमोठ्या वस्तूंचे आराखडे काढतात म्हणे, पण पहिल्या वर्षी त्यांना बाईंच्या वर्कशॉपमधून जावं लागे. करवत कशी धरायची, रंधा कसा मारायचा, एका फळीत खाच पाडून दुसरी फळी तिच्यात खिळ्याशिवाय कशी बसवायची, आणि वर्षाच्या शेवटी एक स्टूल. बाई मुळात कारागीर होत्या, प्राध्यापक नव्हत्या. पगारपत्रकावर त्यांच्या नावापुढे काय लिहीत कोण जाणे, पण मुलं त्यांना मागून गुण्याबाई म्हणत आणि समोर नुसतं बाई.

गुण्या म्हणजे सुतारांचं काटकोन तपासायचं हत्यार. बाईंच्या खिशात तो कायम असे, आणि दिसेल त्या वस्तूला तो लावून बघायची त्यांना खोड होती. एकदा आमच्या दाराच्या चौकटीला लावला, "पाऊण सूत बाहेर आहे," म्हणाल्या आणि जिना उतरून गेल्या. बायकोला तोवर आमच्या दारात काही वावगं दिसलं नव्हतं. त्या दिवसापासून तिला ते वाकडंच दिसायला लागलं आणि त्यात कसा कोण जाणे, पण दोष माझा ठरला.

मग ती साथ आली. एका दुपारी विद्यापीठ बंद होणार असं जाहीर झालं आणि सगळ्यांना सांगितलं गेलं की, घरून शिकवायला जे लागेल ते आजच घेऊन जा. बाकीच्या शिक्षकांनी लॅपटॉप नेले. कोणी खुर्ची नेली. बाईंनी कामाचं टेबल आणलं.

टेबल म्हणजे तुमच्या आमच्या घरातलं नव्हे. सात फूट लांब, चार बोटं जाड फळीचं, कडेला लाकूड आवळून धरायचा लोखंडी शिकंजा. वर्कशॉपमधली बाराही टेबलं बाईंनी स्वतःच्या हातांनी केलेली होती, आणि त्यांतलं हे पहिलं. चार हमालांनी ते तीन मजले चढवलं. ते चौघे वाटेत काय बोलत होते ते इथे लिहिता येणार नाही.

बाईंनी ते वर चढवण्यापूर्वी सगळं मोजलं होतं. टेबलाची रुंदी मोजली, दाराची रुंदी मोजली, जिन्याचं वळण मोजलं. मोजायचं राहिलं ते एवढंच, की त्यांच्या दारातून आत पाऊल टाकलं की समोर तीन फुटांवर भिंत आहे. टेबल आडवं नेलं तर भिंतीला नाक लागे, उभं केलं तर चौकटीला डोकं. आयुष्यभर मुलांना 'आधी मोजा, मग कापा' असं सांगणाऱ्या बाई आपल्याच दारात गुण्या हातात धरून उभ्या राहिल्या.

"बाई, पाय काढा याचे," एक हमाल म्हणाला.

"निघत नाहीत."

"खिळे उपटतो ना मी."

"खिळे असते तर तू उपटले असतेस. माझे सांधे आहेत ते. सुटत नाहीत."

"मग कापून टाकू?"

बाईंनी त्याच्याकडे असं बघितलं की तो दोन पायऱ्या खाली उतरला.

अशा रीतीने ते टेबल दोन दारांच्या मधल्या मोकळ्या जागेतच राहिलं. एक टोक त्यांच्या दाराशी, एक आमच्या. मधे दीड दीड वीत जागा. दुसऱ्या दिवसापासून सगळंच बंद झालं, हमाल मिळेनात, आणि आम्ही तिघं पुढचे अकरा महिने घरातून आडवे होऊन बाहेर पडत होतो. मी काडी पहिलवान, मला त्रास नव्हता. बायको पहिल्या दिवशी अर्धी बाहेर येऊन थांबली आणि म्हणाली, "या टेबलापायी माझं वजन उतरलं तर बाईंचे आभार मानीन, नाही उतरलं तर तुम्ही आत राहा आणि मी बाहेर राहते."

वर्ग तिथेच भरू लागला. घरात जागा होती, पण बाई म्हणाल्या, टेबलाशिवाय मला हात कुठे ठेवावे कळत नाही.

मी यात ओढला गेलो तो फोन धरायला. बाईंचे दोन्ही हात कामात, फोन पुस्तकांना टेकवला की घसरे. बायकोने मला आतून ढकललं आणि सांगितलं, "यांना तसंही काही काम नाही. तीस वर्षं टेलिफोनात होते." टेलिफोनात असणं आणि असला फोन धरता येणं यांचा काही संबंध नाही, हे सांगायला मी तोंड उघडलं, तोवर फोन हातात आला होता.

"टेलिफोनवाले, नुसता माझ्या हातांवर धरा," बाई म्हणाल्या. त्या मला टेलिफोनवाले म्हणत; ही त्यांच्या माझ्यातली सगळ्यात मोठी जवळीक.

चाळीस मिनिटं मी हात न हलवता फोन धरला. बाईंनी पटाशी कशी धरायची, लाकडाच्या रेषा कशा ओळखायच्या, सगळं समजावून सांगितलं. शेवटी विचारलं, "कळलं का?" मग एक मुलगी चाचरत म्हणाली, "बाई, तुमचा आवाज छान येत होता. पण दिसायला... एक काका दिसत होते."

"कोण काका?"

"नाव माहीत नाही. त्यांचं नाक दिसत होतं."

फोनला पुढूनही कॅमेरा असतो हे मला माहीत होतं. तोच चालू आहे हे माहीत नव्हतं. अठ्ठावीस मुलांनी चाळीस मिनिटं माझ्या नाकपुड्या बघितल्या आणि विनयाने कोणी काही बोललं नाही. दोघांनी तर टिपणंही काढली होती. मी त्या दिवशी जेवलो नाही. पण दुसऱ्या दिवशी बाईंनी बरोबर अकरा वाजता आमच्या दारावर टकटक केली, फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "आज दुसरी बाजू दाखवा." एवढंच. हसल्यासुद्धा नाहीत. हसल्या असत्या तर मी परत गेलो नसतो.

मुलांकडे लाकूड नव्हतं, हत्यारं नव्हती. बाईंनी सुरुवात आंघोळीच्या साबणावर केली. स्वयंपाकघरातल्या सुरीने साबणात खाच पाडायची आणि दुसरी वडी तिच्यात बसवायची. एका मुलाच्या घरी आठवडाभर सगळ्यांनी खाचा पाडलेल्या साबणाने आंघोळी केल्या. पुढे कोणी खोकं फोडून आणलं, कोणी मोडका दरवाजा मिळवला, हत्यारांच्या दुकानाने मागच्या दाराने करवती दिल्या. एका मुलाने छान जुनं लाकूड आणलं. सरळ रेषांचं, वाळलेलं. बाई खूश झाल्या.

"कुठून मिळालं रे?"

मुलगा सांगायच्या आत पडद्यावर एक म्हातारा चेहरा आला. "मी सांगतो कुठून मिळालं! माझ्या पलंगाची फळी आहे ती. काल रात्री मी कमरेपासून खाली गेलो."

"आजोबा, पण तुम्ही त्या फळीवर कुठे बसला होतात..."

"झोपलो होतो मी! पलंगावर माणूस काय करतो?"

"लाकूड उत्तम आहे आजोबा," बाई शांतपणे म्हणाल्या. "त्याचं स्टूल होईल. पहिल्यांदा तुम्ही बसायचं."

"पडलो तर?"

"तर याला नापास करीन."

आजोबा जरा निवले. त्या दिवसापासून ते नातवामागे खुर्ची टाकून प्रत्येक वर्गाला हजर राहत आणि त्या मुलाला सगळे पलंगवाला म्हणू लागले.

इथवर सगळी गंमत होती. आता खरी गोष्ट.

पहिल्या महिन्याच्या शेवटी विभागप्रमुखांचा फोन आला. ते बाईंचेच जुने विद्यार्थी. त्यांच्या अंगठ्यावर बाईंच्या वर्कशॉपमध्ये पडलेले तीन टाके आहेत असं मी ऐकलं होतं. बाईंचे हात भुशाने भरलेले, म्हणून फोन मीच धरला होता, त्यामुळे मला ऐकणं भाग पडलं.

"बाई, मी समितीपुढे तुमची बाजू मांडली. पण त्यांचं म्हणणं आहे, लाकूडकाम लांबून शिकवता येत नाही आणि आता पुढचे दिवस असेच आहेत. वर्षाच्या शेवटी समिती परीक्षा बघणार. मुलांनी काम स्वतः केलंय आणि ते नीट आहे हे पटलं तर ठीक. नाहीतर वर्कशॉप बंद. त्या हॉलमध्ये संगणक बसवायचेत."

"आणि टेबलं?"

"टेबलं काढावी लागतील."

"निघत नाहीत ती," बाई म्हणाल्या.

"बाई, ठेवायला जागा नाही. ती कापून काढतील."

फोन बंद झाल्यावर त्यांनी टेबलावरचा भुसा तळहाताने गोळा केला, डब्यात टाकला, मग परत थोडा उरलेला गोळा केला. निवृत्तीला त्यांना चार वर्षं होती. पण मला वाटतं, त्यांना नोकरीचं एवढं काही नव्हतं. अकरा टेबलं तिकडे एकटी होती.

त्यांची शिकवायची पद्धत काही वेगळीच होती, हे मला पुढच्या आठवड्यात कळलं. हात दाखवून झाले की मुलांना कापायला लावायचं आणि आपण त्यांच्याकडे पाठ करून उभं राहायचं. वर्कशॉपमध्ये त्या खिडकीबाहेर बघत असत म्हणे आणि मधेच म्हणत, "तिसरं टेबल, कोपर अंगाजवळ." करवत सरळ चालली की एका सुरात चालते, वाकडी गेली की कुरकुरते, दाते बोथट झाले की धापा टाकते. डोळ्यांनी बघितलं तर फक्त तोंड वाकडं केलेलं दिसतं, असं त्या सांगत. तीस वर्षं त्यांनी मुलांच्या हातांतल्या चुका कानांनी पकडल्या होत्या.

तर त्या सकाळी बाईंनी सगळ्यांना कापायला सांगितलं आणि जिन्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. फोनमधून दोन क्षण खर्र खर्र आलं आणि मग शांतता.

"थांबलात का?"

"नाही बाई, कापतोय."

"मग आवाज?"

पुन्हा दोन क्षण खर्र खर्र. पुन्हा शांतता.

बाईंचा पारा चढला. "हात हलवून दाखवताय होय मला? नाटकाच्या वर्गात जायचं होतंत ना, इथे कशाला आलात?"

पलंगवाल्याने न बोलता फळी कॅमेऱ्यासमोर धरली. अर्धी कापलेली होती. कडेवर ताजा भुसा होता. मागून आजोबा म्हणाले, "बाई, मी साक्षीला आहे. कापतोय तो."

मग एकेकाने आपापली फळी वर केली. अठ्ठावीस फळ्या, सगळ्या कापलेल्या. बाईंनी त्या बघितल्या, "आज एवढं पुरे," म्हणाल्या आणि आत गेल्या.

दुपारी त्या आमच्या दाराशी आल्या. माझ्याशी नव्हे, बायकोशी बोलायला. "वहिनी, एक काम करा. मी पाठ करून उभी राहते. तुम्ही चमचे टाका. आधी मोठा, मग लहान."

बायकोने चमचे टाकले. बाईंनी सगळे बरोबर ओळखले. शेवटचा चमचा पडला तेव्हा त्या म्हणाल्या, "हा चमचा नाही, झाकण आहे."

"झाकणच आहे," बायको म्हणाली. "बाई, तुमचे कान माझ्यापेक्षा चांगले आहेत."

"मग करवत का ऐकू येत नाही?" त्यांचा आवाज इतका बारीक झालेला मी कधी ऐकला नव्हता. "वहिनी, मला ऐकू आलं नाही तर मला शिकवता येत नाही. मी उद्या लिहून देते त्यांना. हॉल घ्या म्हणावं."

मला कारण माहीत होतं. हे लिहिताना लाज वाटते, पण माहीत होतं. टेलिफोनच्या ऑफिसात शेवटी शेवटी आमच्याकडे अशी यंत्रं आली होती की ती माणसाचं बोलणं ठेवत आणि बाकी सगळं खरखर म्हणून गाळून टाकत. ऑफिसातल्या पंख्याचा आवाजही पलीकडे जात नसे. या वर्ग घ्यायच्या प्रोग्रॅममध्येही तसंच काही असणार, हे पहिल्या दोन क्षणांतच माझ्या लक्षात आलं होतं. करवतीचा आवाज यायचा, यंत्राला कळायचं की हे बोलणं नव्हे, आणि ते तोंड दाबायचं. पण सांगणार कसं? बाई चिडलेल्या, मुलं ऐकणार, आणि माझं चुकलं तर? एकदा नाक दाखवून झालंच होतं.

बाई गेल्यावर मी बायकोला हे सांगितलं. तिने हातातला चमचा खाली ठेवला.

"सकाळपासून माहीत होतं तुम्हाला?"

"खात्री नव्हती."

"तिकडे ती बाई कान फुटले म्हणून राजीनामा लिहितेय आणि तुम्हाला खात्री नव्हती! जा. आत्ता जा. आणि आडवे होऊन जा, टेबल आहे."

मी गेलो. टेबलाच्या आमच्या टोकाशी उभं राहून त्यांच्या टोकाकडे बघत मी सगळं सांगितलं. एका दमात आयुष्यात मी इतकं बोललो नव्हतो. बाईंनी ऐकून घेतलं.

"म्हणजे माझी करवत त्याला कचरा वाटते?"

"तसंच म्हणा."

"आणि हे मेलं ठरवणार, काय ऐकायचं आणि काय नाही?"

"बंद करता येत असेल ते. शोधावं लागेल."

"शोधा," बाई म्हणाल्या. मग थोडं थांबून, "सकाळी का नाही बोललात?"

मी फोन मागून घेतला.

मला ते शोधायला अख्खा दिवस लागला. त्या प्रोग्रॅममध्ये एकामागून एक चार दारं उघडली की आत एक लहानसा चौकोन होता, त्यातली खूण काढायची. प्रत्येक मुलाला आपापल्या फोनमध्ये ती काढावी लागली. मी एक कागद लिहून काढला, बाईंनी तो वाचून दाखवला. खुणा निघाल्या आणि फोनमधून जे काही बाहेर पडलं ते सांगता येत नाही. अठ्ठावीस घरं एकदम पॅसेजमध्ये आली. नळ वाहत होते, कुत्री भुंकत होती, कुठे भिंतीला ड्रिल चालू होतं, कोणाची तरी आई कोणाच्या तरी वडिलांना म्हणत होती, "तुम्ही आणि तुमची बहीण!" बायको घाईघाईने दाराशी आली, हे तिला भलतंच आवडलं.

"ज्यांच्या घरी भांडण आहे त्यांनी दार लावून घ्या," बाई ओरडल्या. "एकेकाने कापा. बाकीचे गप्प."

पहिली करवत चालू झाली. खर्र, खर्र, खर्र. ती थांबली नाही. बाई जिन्याकडे तोंड करून उभ्या होत्या. मला फक्त त्यांची पाठ दिसत होती, आणि ती हळूहळू सैल पडत गेलेली दिसली.

"कोपर अंगाजवळ," त्या म्हणाल्या. "हं. आता करवतीला बोलू दे."

करवतीचा सूर बदलला. तो मलाही कळला.

परीक्षेच्या दिवशी पडद्यावर समितीचे तीन जण, विभागप्रमुख आणि अठ्ठावीस मुलं. बाईंनी अट घातली होती की स्टुलाचे फोटो पाठवायचे नाहीत. घरातल्या सगळ्यात जास्त कुरकुर करणाऱ्या माणसाने त्यावर बसायचं आणि परीक्षा संपेपर्यंत उठायचं नाही. त्यामुळे पडद्यावर अठ्ठावीस कुरकुरे लोक रांगेने बसलेले दिसत होते. आजोबा, आत्या, मोठे भाऊ, एका घरी चक्क घरमालक. अर्ध्या तासाने एका मामांचं स्टूल मोडलं. मामा धीराचे, ते जमिनीवर बसूनच म्हणाले, "चालू द्या, मला लागलेलं नाही. पण कुरकुर आहे माझी." तो मुलगा नापास झाला. बाईंनी त्यात हयगय केली नाही.

समितीतल्या सगळ्यात ज्येष्ठ बाई फार बारीक चौकशा करणाऱ्या होत्या. त्या म्हणाल्या, "स्टुलं चांगली आहेत. पण ती मुलांनीच केली कशावरून? एखाद्याने घराजवळच्या सुताराकडून करून घेतलं असेल. तुम्ही तर प्रत्यक्ष काहीच बघितलेलं नाही."

"बघितलेलं नाही," बाई म्हणाल्या. "ऐकलेलं आहे."

"म्हणजे?"

"मी पाठ करते. तुम्ही हवं त्याला कापायला लावा. कोण आहे ते मी सांगते."

प्रमुखांनी डोळे मिटून घेतले. त्यांना बाईंचं कसब माहीत होतं, पण समितीपुढे असलं काही होईल असं त्यांना वाटलं नव्हतं. फोन पडू नये म्हणून बायकोने मागून माझं कोपर धरलं.

बाईंनी तोंड जिन्याकडे केलं. मुलांनी चित्रं बंद केली, ज्येष्ठ बाई एकेकाचं नाव कागदावर लिहून कॅमेऱ्यासमोर धरत गेल्या.

खर्र खर्र. "पलंगवाला. शेवटी घाई करतो."

खर्र खर्र. "ती उंच मुलगी, चष्मेवाली. करवतीला तेल लाव गं."

खर्र खर्र. "डावखुरा. आमच्यात एकच आहे."

सात जण झाले, सातही बरोबर. मग ज्येष्ठ बाई जरा हसल्या, कागदावर आणखी काहीतरी लिहून समोर धरलं. मी ते वाचलं. एका मुलीच्या नावाखाली लिहिलं होतं, 'करवत आईला द्या.'

एका घरातून करवत चालू झाली. संथ, एकसुरी, सुंदर. बाई ऐकत राहिल्या. मान तिरपी केली. फार वेळ गेला. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं.

"हे माझ्या वर्गातलं नाही," बाई म्हणाल्या. "पण हात चांगला आहे. कोण आहे?"

पलीकडून एक लाजरा आवाज आला. "मी हिची आई. रोज बघत होते, म्हणून दुपारी जरा करून बघायचे."

"कोपर एकदम बरोबर आहे तुमचं," बाई म्हणाल्या. "पुढच्या वर्षी या."

ज्येष्ठ बाईंनी कागद खाली ठेवला. पलंगवाल्याच्या आजोबांना राहवलं नाही. "ओ समितीवाले, आता उठू का मी? स्टूल ठीक आहे, पण दीड तास झाला. आणि नातवाला सांगा, माझ्या पलंगाला नवी फळी लावून दे."

वर्कशॉप राहिलं. पत्र आलं तेव्हा बाईंनी ते दोनदा वाचलं, मग कागदाच्या कोपऱ्याला गुण्या लावून बघितला. "कागद सरळ कापलाय," म्हणाल्या. मला वाटतं, ते त्यांचं पेढे वाटणं होतं.

अकरा महिन्यांनी तेच चार हमाल आले. त्यांनी टेबल खाली नेलं, आणि वाटेत तेच सगळं पुन्हा बोलले. पॅसेज एकदम मोठा झाला. मध्यभागी चार पायांच्या खुणा राहिल्या होत्या. बायकोने दोनदा पुसल्या, गेल्या नाहीत. पुढची तीन वर्षं बाई रोज सकाळी साडेआठला वर्कशॉपला जात, संध्याकाळी अंगावर भुसा घेऊन येत. आमचं बोलणं पुन्हा पहिल्यासारखं झालं, म्हणजे जवळजवळ बंद. मला त्याचं वाईट वाटलं नाही. फक्त अकरा वाजले की माझा उजवा हात कधी कधी फोन धरल्यासारखा वर होई.

निवृत्त झाल्यावर दोन महिन्यांनी बाई आठ दिवसांसाठी बहिणीकडे निघाल्या. तिथेच त्या गेल्या, झोपेत. निघताना त्यांच्या हातात बॅग होती, खिशातून गुण्याचं टोक दिसत होतं. मी त्याच वेळी बाहेर पडत होतो, पोट आत घेऊन, आडवा. त्या थांबल्या.

"टेलिफोनवाले, टेबल जाऊन तीन वर्षं झाली. आता तरी सरळ बाहेर या."

"सवय झाली, बाई."

"दार नीट ओढून घ्या. खालून घासतंय ते."

"घेतो," मी म्हणालो.